पासिंगच्या तोंडावर डिस्क बदलायच्या, तर आधी हे बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसरं कोणी वाचत असेल तर त्यालाही कळेल. वडिलांची २०१० ची पेट्रोल स्विफ्ट, कंपनीच्या १४ इंची स्टीलच्या डिस्क (म्हणजे चाकाच्या रिम, ब्रेकच्या डिस्क नव्हे). २०२१ च्या पुरात गाडी दोन दिवस पाण्यात राहिली, तेव्हापासनं डिस्क आतल्या बाजूनं गंजत आल्यात आणि दोन चाकांची हवा आठ-दहा दिवसांत उतरते. पंधरा वर्षं पुढच्या महिन्यात भरतात, री-पासिंग, म्हणजे आरटीओत रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, करायचंय. त्यात जुन्या बाजारात कुणीतरी १७ इंची मॅगव्हीलचा (म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव चाकांचा, अलॉय व्हीलचा) टायरसकट सेट १८ हजाराला देतोय. तो बसवला तर आरटीओत गाडी अडवतील का, एवढंच तू विचारलंयस.

अडवतील का ते सांगतोच. पण पहिलं हे ऐक, तो सेट घेऊ नको. आणि हे मी पासिंगच्या भीतीनं सांगत नाही. पासिंगला गाडीसमोर माणूस पाच-दहा मिनिटं उभा असतो, त्यात त्याला चाकाचं बाहेरचं तोंड दिसतं, चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागाला ते नटांनी आवळतात त्यावर, कसं बसलंय ते दिसत नाही. गाडी पास झाली म्हणजे चाक बरोबर बसलं असं धरून चालणारी माणसं मी रोज बघतो, आणि त्याच चाकांवर ती पोराबाळांना घेऊन गगनबावड्याचा घाट उतरतात. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

माझं सांगायचं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंटचं काम बावीस वर्षं करतोय, त्याच्या आधी पाच वर्षं अ‍ॅल्युमिनियमच्या फौंड्रीत काढली. त्यामुळं मॅगव्हील हातात आलं की मला आधी त्याचा रंग न दिसता कास्टिंग दिसतं.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. त्याचा साधा अर्थ असा, की आरसीवरची माहिती आणि कंपनीनं मुळात दिलेली माहिती यांच्यात फरक पडेल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका केसमध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आता मॅगव्हील लावणं गुन्हा, असं शब्दानं या कलमांत कुठं लिहिलेलं नाही, कंपन्या स्वतःच वरच्या मॉडेलला मॅगव्हील देतात. पण साईज बदलली, चाक मडगार्डच्या बाहेर आलं, गाडी उचलल्यासारखी दिसायला लागली की तो बदल ठरवायचा अधिकार समोरच्या इन्स्पेक्टरकडं जातो, आणि मग तिथं तुझ्याकडं दाखवायला काही नसतं. कंपनीनं त्या मॉडेलला जी साईज दिलीय त्याच साईजमध्ये राहिलास तर हा विषयच निघत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेच्या प्रेशरचा स्टिकर असतो, त्यावर टायरची साईज लिहिलेली असते, तुझ्या गाडीला १६५/८० आर १४. त्याच पिढीच्या वरच्या मॉडेलला १८५/७० आर १४ यायचा. या दोन्हीपैकी काहीही चालतं. स्टिकर उडाला असेल तर गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढ, वडिलांनी जपून ठेवलं असेल.

री-पासिंगचं काम तसं अवघड नाही. फॉर्म २५, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो, म्हणजे तू आत्ताच करू शकतोस. फी कारला ५,००० आहे, ती एप्रिल २०२२ पासनं वाढलीय, उशीर झाला तर दर महिन्याला ५०० वर चढतात, शिवाय पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरण ५ वर्षांचं मिळतं. पीयूसी, इन्शुरन्स चालू पाहिजे, नवीन नंबरप्लेट लावलेली पाहिजे. चासी नंबरचा ठसा घेतात, तुझी गाडी पुरात होती म्हणून आधीच तो नंबर पॉलिश पेपरनं हळू साफ करून वाचता येतोय का बघ, गंजानं आकडा खाल्ला असेल तर टायरपेक्षा तिथं जास्त अडेल. लाईट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, ब्रेक, आणि मग टायर. टायरचा नियम साधा आहे, कारला नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली नको. टायरवर त्यासाठी खूण असते, साईडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं, त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. त्याशिवाय साईडवॉलला फुगा आलाय का, तार दिसतीय का, एका ॲक्सलला दोन वेगळ्या साईजचे टायर आहेत का, एवढं कुणीही बघतं.

जिथं मशीनवर तपासणी होते तिथं रोलरवर डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक वेगवेगळा मोजला जातो. एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत, किंवा दोन्ही बाजूंची हवा वेगळी, असं असलं की ब्रेक चांगले असूनही फरक दाखवतं. साईड स्लिपच्या प्लेटवर अलाइनमेंटची चूक दिसते. टॅक्सीवाल्यांना हे जास्त लागतं कारण त्यांना गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस काढावं लागतं, तुला पाच वर्षांतनं एकदा.

आता त्या १७ इंची सेटचं गणित करू. १६५/८० आर १४ म्हणजे टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, साईडवॉलची उंची त्याच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, रिम १४ इंच म्हणजे ३५५.६. वरचा-खालचा साईडवॉल मिळवला की पूर्ण चाकाचा व्यास ६१९.६ मिलिमीटर. १७ ला माणसं २०५/४५ लावतात, त्याचा व्यास ६१६.३ येतो. म्हणजे व्यास जवळपास तोच, मीटर चुकणार नाही, विकणारा तुला हेच सांगणार आणि ते खरंच आहे. पण साईडवॉल बघ. १३२ चा ९२ झाला. चार सेंटीमीटर रबर आणि हवा गेली. आपल्याकडं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याचं जे केलेलं असतं, पावसाळ्यात पाण्याखाली खड्डा दिसत नाही, तिथं ते चार सेंटीमीटरच रिमला वाचवत असतात. माझ्याकडं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाकलेली मॅगव्हील येतात त्यात बहुतेक वेळा टायर ४५ किंवा ५० चा असतो.

दुसरं, जे कुणीच बघत नाही, लोड इंडेक्स. साईजच्या पुढं ८५ टी असं काहीतरी लिहिलेलं असतं. ८५ म्हणजे एका टायरची क्षमता ५१५ किलो. २०५/४५ आर १७ साधा घेतला तर त्यावर ८४ असतं, म्हणजे ५०० किलो. टायर रुंद झाला, भारी दिसायला लागला आणि वजन पेलायची ताकद कंपनीच्या टायरपेक्षा कमी झाली. जाड बांधणीचा, एक्सएल लिहिलेला मिळतो, त्याला ८८ असतं, ५६० किलो, पण १८ हजारातल्या जुन्या सेटला तो असेल याची मला आशा नाही. पुढच्या अक्षराचं म्हणशील तर टी म्हणजे १९० किलोमीटरपर्यंतचा वेग, त्याची तुला काळजी नाही. टायरची तारीख मात्र बघ, साईडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असली तरी एवढा जुना टायर मी कुणाला बसवून देत नाही.

तिसरं ऑफसेट, यात बरीच माणसं फसतात. चाकाच्या मागं ईटी आणि आकडा असतो. रिमच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला टेकणारी सपाट बाजू यांच्यातलं अंतर ते. समजा जुनी डिस्क ५ जे (म्हणजे ५ इंच) रुंद आणि ईटी ४५, नवीन ७ जे आणि ईटी ३५. आकडे बघून वाटतं दहाचाच फरक आहे. पण रुंदीचा हिशेब धरला की रिमची बाहेरची कड ३५ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली कड १५ मिलिमीटर आत शॉकअपच्या बाजूला जाते. तुझ्या हातानं मोज, ३५ मिलिमीटर म्हणजे दोन बोटांची रुंदी. तेवढं चाक मडगार्डच्या कमानीतनं बाहेर, म्हणजे मागं चार माणसं बसली की कमानीची कड टायर कापणार, स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की आतनं घासणार, आणि बेअरिंगवर ताण बाहेरनं येणार. इन्स्पेक्टरला दिसण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती हीच, लांबनं दिसते. यावर उपाय म्हणून कुणी स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये घालायची जाड चकती) सुचवला तर त्या दुकानातनं बाहेर ये.

पीसीडी तुझ्या गाडीचा ४ गुणिले १००, म्हणजे चार नट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. हे जुळल्याशिवाय चाक लागतच नाही म्हणून त्यात चूक होत नाही. चूक होते ती हबच्या भोकात. सुझुकीच्या हबचं तोंड ५४.१ मिलिमीटर. कंपनीच्या डिस्कचं मधलं भोक तेवढंच असतं, ती हबवर बसते आणि मधोमध येते, नट फक्त दाबून धरतात. बाजारातली मॅगव्हील सगळ्या गाड्यांना लागावीत म्हणून मोठ्या भोकाची करतात, बऱ्याचदा ७३.१ चं. मग चाक हबवर बसत नाही, नटांच्या जिवावर लटकतं. त्यासाठी मध्ये रिंग घालायची असते, बाहेरनं ७३.१ आणि आतनं ५४.१. चाळीस-पन्नास ग्रॅमची वस्तू, पण सेकंडहँड सेटबरोबर ती दहातनं आठ वेळा येत नाही कारण आधीच्या मालकाची गाडी दुसरी होती. लोक माझ्याकडं येतात, हायवेला ८०-९० ला स्टेअरिंग थरथरतं, तीन वेळा बॅलन्सिंग केलं तरी जात नाही. चाक उतरवून बघितलं की रिंग नसते. बॅलन्सिंग मशीनवर चाक त्याच्याच मधल्या भोकावर कोनानं धरलेलं असतं म्हणून तिथं ते एकदम बरोबर फिरतं, गाडीवर गेलं की अर्धा मिलिमीटर बाजूला. शिसं कितीही लावा.

आणि नट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. सुझुकीचा स्टड (हबवरचा आट्यांचा दांडा, ज्यावर नट बसतो) १२ मिलिमीटरचा, आट्यांचं अंतर १.२५. ह्युंदाई, टोयोटा, होंडाचा स्टड पण १२ चाच, पण आटे १.५ चे. दोन्ही नट बाहेरनं सारखेच दिसतात, एकोणीस-एकवीसचा पाना लागतो, डब्यात एकत्र पडलेले असतात. १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर हातानं लावला तर दीड-दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथंच थांबलं तर काही बिघडत नाही. पण दुकानातलं पोरगं नट आवळायची हवेची गन लावतं, गन जोर करून नट पुढं नेते, आटे कापत नेते, आणि कट्ट आवाज आला की त्याला वाटतं टाईट झाला. २०१३ च्या पावसाळ्यात राधानगरीकडनं एक कुटुंब आलं होतं, एका दुकानात सकाळी मॅगव्हील बसवून घेतलेली आणि दुपारी पुढच्या डाव्या चाकातनं कडकड आवाज. मी जॅकवर घेऊन बघितलं, चारपैकी एक नट नव्हताच, दुसरा बोटानं फिरत होता आणि स्टडवर चकाकणारी धातूची पावडर, आटे एकदम गुळगुळीत सोललेले. दोन नटांवर ते चाक चाळीस किलोमीटर आलं होतं, मागच्या सीटवर आजी आणि दोन लहान पोरं. त्या माणसाला मी स्टड हातात दिला तेव्हा तो खाली फुटपाथवर बसला. त्या दिवसापासनं माझ्या दुकानात नियम आहे, प्रत्येक नट पहिले पाच-सहा फेरे बोटानंच लावायचा, गनला हात नंतर. तू कुठंही चाक बसवून घे, पण हे समोर उभं राहून करून घे. कारागिराला राग आला तर येऊ दे.

नटाचं बूड पण बघायचं. बाजारातल्या मॅगव्हीलला कोनाच्या आकाराचं बूड लागतं, होंडाच्या कंपनीच्या मॅगव्हीलला गोल बूड लागतं. कोनाचा नट गोल खड्ड्यात बसवला तर एका बारीक कडेवर टेकतो, आज टाईट असतो आणि आठवड्यात ढिला. आणि मॅगव्हील जाड असतं म्हणून नटाला स्टड कमी मिळतो, बोटानं लावताना फेरे मोज, तुझ्या १.२५ च्या आट्याला आठ फेऱ्यांच्या आत नट टेकला तर ते चाक त्या स्टडसाठी नाही.

आता फौंड्रीचं सांगतो, आपण कोल्हापूरकर, कास्टिंग आपल्याला नवीन नाही. मॅगव्हील म्हणजे अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम. नुसतं ओतून त्याला ताकद येत नाही. ओतल्यावर ५४० डिग्रीच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात आणि परत १५०-१६० डिग्रीला काही तास ठेवतात, तेव्हा धातू कडक होतो. म्हणजे ताकद ही त्या उष्णतेच्या क्रमातनं आलेली असते. वाकलेलं चाक गॅसच्या ज्योतीवर तापवून हातोड्यानं सरळ केलं, किंवा तडा गेलेला भाग वेल्डिंगनं भरला, की तेवढ्या पट्ट्यातली ती ताकद गेली. वरनं पावडर कोटिंग मारलं की कुणाच्या बापाला कळत नाही. मी सुरुवातीच्या काळात स्वतः तीन-चार चाकं अशी वेल्डिंग करून दिलीत, फौंड्रीतनं आलोय मला जमतं अशी खात्री होती. त्यातलं एक आंबा घाटात वेल्डिंगच्या शेजारून, दोन सेंटीमीटर बाजूला, उभं फाटलं. माणूस वाचला, गाडी डोंगराच्या बाजूला गेली म्हणून. वेल्डिंग टिकलं होतं, शेजारचा धातू मऊ पडला होता. तेव्हापासनं रिमच्या कडेला किंवा आऱ्याला वेल्डिंग मी करत नाही आणि केलेलं चाक बसवून पण देत नाही.

म्हणून सेकंडहँड मॅगव्हील घ्यायचंच झालं तर टायर उतरवून आतनं बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. विकणारा टायर उतरवू देत नसेल तर तिथंच उत्तर मिळालं. आतल्या बाजूला रंगाचा पोत एका ठिकाणी वेगळा, जाड, ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा, किंवा एखादा पट्टा बोटाला सपाट न लागता उंच लागतो, असं असलं तर सोडून दे. आऱ्याच्या मुळाशी आणि नटाच्या भोकांभोवती बारीक तडे बघ. डोळ्यानं दिसत नाहीत त्याला माझ्याकडं डाय पेनिट्रंट आहे, लाल डाय मारायचा, दहा मिनिटं ठेवून पुसून काढायचा, मग पांढरा डेव्हलपर फवारायचा, तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ हळूहळू उमटते. उद्यमनगरात कास्टिंग तपासणारी बरीच ठिकाणं आहेत, कुणीही करून देईल.

नवीन घेतलंस तर मागं ओतलेले आकडे वाच, इंच आणि जे, ईटी, पीसीडी, मॅक्स लोड किलोमध्ये. हा मॅक्स लोड गाडीच्या जास्त भार येणाऱ्या ॲक्सलच्या मंजूर वजनाच्या निम्म्यापेक्षा कमी नको. आपल्याकडं मॅगव्हीलचा बीआयएसचा स्टँडर्ड आयएस १६१९२ आहे, त्याची आयएसआय खूण असलेलं घे. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानच्या खुणा, त्यातली जेडब्ल्यूएल कंपनी स्वतःच्या तपासणीवर लावते. या स्टँडर्डमध्ये चाक १३ अंश तिरपं धरून त्यावर वरनं वजन टाकायची टेस्ट असते, वळणाचा ताण देऊन लाखो फेरे फिरवायची टेस्ट असते. काहीच ओतलेलं नसलेलं, मागनं कोरं चाक असेल तर त्यानं असलं काही बघितलेलं नाही.

मग तू काय करावंस. माझं ऐकशील तर १४ इंचातच राहा. सगळ्यात स्वस्त आणि चांगलं म्हणजे नवीन स्टीलच्या डिस्क, मॅगव्हीलच्या मानानं पैसे कितीतरी कमी. जुन्या चारपैकी ज्या दोनची हवा उतरत नाही त्या बघून ठेवता येतील. हवा उतरतीय ती जागा म्हणजे टायरची कड जिथं रिमवर बसते ती, पुराच्या चिखलानं तिथं गंज धरतो आणि पापुद्रे सुटतात. टायर उतरवून वायर ब्रशनं धातू उघडा कर, खड्डे नसतील तर प्रायमर आणि रंग मारून डिस्क अजून काही वर्षं जाईल, खड्डे पडले असतील किंवा नटांच्या भोकांभोवती तडा असेल तर भंगारात. व्हॉल्व्ह नवीन घाल, रबराची छोटी वस्तू आहे, जुनी ठेवून पैसे वाचत नाहीत.

मॅगव्हीलची हौस असेल तर ती पण वाईट नाही, माझा मुलगा पण वापरतो. १४ इंच, साडेपाच जे, कंपनीच्या जवळचा ईटी, ५४.१ ची रिंग, सुझुकीच्या आट्याचे नवे नट, त्यावर १८५/७० आर १४. व्यास ६१४.६ येतो, मूळ ६१९.६ ला लागून. गाडी दिसायला भरीव दिसते, साईडवॉल १३० मिलिमीटरच्या जवळ राहतो, आणि पासिंगला तुझ्याकडं उत्तर असतं की ही साईज याच गाडीच्या वरच्या मॉडेलची आहे. बिल जपून ठेव आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळव, ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत धरून घे, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिलं तेच लिहितो.

काम करून घेताना हबचा चेहरा घासून साफ करायला सांग. तुझ्या गाडीला पुराचा गंज आहे म्हणजे हबवर नक्की खवले असणार, त्यावर चाक बसवलं तर नट टाईट होताना खवला दबत नाही, नंतर रस्त्यावर दबतो आणि नट ढिला. नट समोरासमोरचे आवळायचे, एक लावला की त्याच्या समोरचा. शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं (किती जोर लागला ते मोजणारा पाना), छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरमध्ये असतं, नेमका आकडा पुस्तकात. पान्यावर पाय देऊन उभं राहायचं नाही, स्टड ताणला जातो. मग बॅलन्सिंग, एका चाकाला साठ-सत्तर ग्रॅमपेक्षा जास्त शिसं लागायला लागलं तर टायर रिमवर फिरवून परत बसवायला सांग, तरी कमी झालं नाही तर रिमच वाकडी आहे. शेवटी अलाइनमेंट, आणि त्याचा प्रिंट घे.

स्टेपनी विसरू नको. ऑक्टोबर २०२० पासनं टायर प्रेशर सेन्सर आणि रिपेअर किट असलेल्या गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते, तुझ्या गाडीला ते काही नाही, म्हणजे स्टेपनी पाहिजेच आणि हवा भरलेली पाहिजे. मॅगव्हील लावलीस तर स्टीलच्या स्टेपनीला कंपनीचे जुने चार नट लागतात, नव्या लांब नटानं स्टीलची डिस्क आवळली जाईलच असं नाही. ते चार नट एका पिशवीत बांधून डिकीत पान्याबरोबर ठेव, आणि नवे नट चावीचे असतील तर चावी पण तिथंच.

हे सगळं पासिंगच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी कर. नंतर सांगलीला एकदा जाऊन ये, जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास होतात, आणि आल्यावर गाडी थंड होऊ दे, मग चारही चाकांचे नट परत त्याच टॉर्कवर बघून घे. पहिल्या वेळी एखादा नट पाव फेरा फिरला तर हरकत नाही, नवीन चाक बसतं. दुसऱ्या वेळी पण तोच नट फिरला, तर आवळून सोडून देऊ नको, चाक उतरव आणि त्याचं बूड, स्टड आणि हबचा चेहरा बघ.